मेल्या माणसाच्या वहाणेला आरी

चि. अन्वी आणि रोहन,

रोहनने जुन्या बाजारातून घेतलेल्या तपकिरी बुटांचे चार फोटो पाठवले आणि विचारले, आजी, हे कुणी केले असतील, किती जुने असतील? मला त्यातले काही कळत नाही. ज्यांना कळायचे त्यांचे नाव बाळकू नाना. साताऱ्यात राजवाड्याकडून खाली येणाऱ्या उतारावर ते बसत. त्यांच्याविषयी मी तुमच्या आईलाही कधी नीट सांगितलेले नाही. ऐकून चांगले वाटावे असे ते नाही, पण सांगायला हवे. तुम्ही दोघेही आता मोठे झाला आहात.

नाना जातीने चर्मकार. एका बंद दुकानाच्या फळीखाली त्यांचे गोणपाट अंथरलेले असे. फळी इतकी खाली होती की बसल्या जागेवरून त्यांना रस्त्यावरच्या माणसांचे फक्त गुडघ्याखालचे दिसे. तेवढे त्यांना पुरत असे. मी पुढे जाऊन उभी राहिले की वर न बघता म्हणत, "बाई, डावी टाच झिजवायचं कवा सोडणार?" ते डावरे होते. लहानपणी वडिलांनी त्या हातावर पुष्कळ मारले, पण कातडे टोचायची आरी डाव्या हातातून उजव्या हातात गेली नाही. त्यामुळे त्यांचा टाका इतरांच्या टाक्यापेक्षा उलट्या बाजूला कललेला पडे. धंद्यातली माणसे त्यावरून त्यांची चेष्टा करत. नाना म्हणत, "आसू द्या. माझं काम चोरीला गेलं तरी मला वळखू येतंय."

दुसऱ्या महायुद्धात ते पलटणीबरोबर मोची म्हणून इटलीपर्यंत गेले होते. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. इंग्रजी आकडे आणि दहाबारा अक्षरे त्यांना येत, तीही बुटांच्या तळावरच्या शिक्क्यांवरून शिकलेली. सरकारी बुटाला बाणाची खूण, तिच्याजवळ सालाचे दोन आकडे, खाली कारखान्याची अक्षरे. अक्षरे पुसली असली तर ते बूट नाकाशी नेत. बाभळीच्या सालीत कमावलेले कातडे लालसर आणि उग्र वासाचे, ते कानपूरकडचे. तरवडाच्या सालीतले पिवळट आणि मऊ, ते मद्रासकडचे. मग तळावर बोटाचे पेर वाजवून कान देत. फीत ओवायच्या भोकांच्या कड्या पितळी असतात, पण युद्धाच्या मधल्या वर्षांत सगळे पितळ तोफगोळ्यांना गेले, म्हणून त्या वर्षांच्या बुटांना लोखंडी कड्या आणि त्यांना गंज. हे त्यांनीच मला सांगितले. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पण आमच्या घरात कुणी पायातल्या वस्तूकडे इतके निरखून बघितले नव्हते.

एक नियम ते पुन्हा पुन्हा सांगत. "तळावर कदी जायचं न्हाई, बाई. तळ झिजतो, बदलतो. मानसाचं वय त्याच्या धोतरावरनं सांगता यील का? आतलं बघायचं."

कातडे आणायला ते अधूनमधून सांगली-मिरजेकडे जात. एकदा माझ्या बहिणीच्या घरी सांगलीला मीही होते, तेव्हा त्यांना तिथे बोलावले. माझे मेव्हणे वकील. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात त्यांनी एक काळा जोडा ठेवला होता. पणजोबांना एका इंग्रज साहेबाने भेट दिला, असे ते आल्यागेल्याला सांगत. नानांनी तो हातात घेऊन मधोमध वाकवून पाहिला, टाचेला नख लावले आणि नम्रपणे म्हणाले, "वकीलसाहेब, आत पोलादाची पट्टी हाय, टाचंला रबर हाय. पणजोबांच्या वक्ताला ह्यातलं काय बी नव्हतं. आजोबांच्या बी नसंल. तुमच्या वडलांनी घेतला आसंल."

मेव्हण्यांनी कुठल्या शाळेत शिकलात म्हणून विचारले. तेवढ्यात आतून त्यांच्या वृद्ध आईंचा आवाज आला. "अरे, मिरजेच्या बाजारातून घेतला होता त्यांनी. जुना. आठ दिवस चावला आणि कपाटात गेला." मेव्हणे त्या दिवशी जेवायला उशिरा आले.

पण नाना नेहमीच असे बोलत नसत. एक निवृत्त सुभेदार दर दसऱ्याला आपले बूट पॉलिशला आणत आणि चार माणसांत सांगत, की ह्याच बुटांनी ब्रह्मदेशात लढलो. नाना मान डोलवत आणि पॉलिश करत. एकदा सुभेदार गेल्यावर मी विचारले, तेव्हा ते हळू म्हणाले, "शेहेचाळीसचं हायेत. लढाई सरल्यावरचं. बुटांनी लढाई बगितली न्हाई, पन त्या मानसानं बगितलीया. मग बुटाला कशाला साक्षीला बोलवायचं?"

दुसऱ्याचे समाधान मोडायचे नाही एवढे त्यांना कळत होते. म्हणूनच पुढची गोष्ट मला समजायला इतकी वर्षे लागली.

एकाहत्तरची लढाई झाली तेव्हा मी जवानांच्या कुटुंबांसाठी असलेल्या एका कचेरीत आठवड्यातून दोन दुपार बसत असे. इंग्रजीतली पत्रे वाचून दाखवायची, उत्तरे लिहायची, फॉर्म भरायचे, एवढेच काम. बहात्तरच्या उन्हाळ्यात मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून हौसाबाई नावाच्या बाई आल्या. बरोबर त्यांची सून इंदू, एकोणीस वर्षांची. हौसाबाईंचा एकुलता एक मुलगा किसन सैन्यात होता. पत्रात लिहिले होते, की तो बेपत्ता आहे आणि बहुधा मृत आहे. मी ते जसेच्या तसे सांगितले. हौसाबाईंनी ते दोनदा सांगायला लावले.

पत्राबरोबर किसनची किटबॅगही आली होती. पुढे जाताना जवान जे सामान मागे ठेवून जातात, ते. वर त्याचे नाव रंगवलेले, पण आतले सगळे सरकारी, म्हणजे कांबळे, स्वेटर, जेवणाचे डबे आणि बुटांचा एक जोड. हौसाबाई म्हणाल्या, "पिशवी त्याची हाय. पन आतलं त्याचं कशावरनं?" मग त्यांना आठवले, की आदल्या वर्षी चैत्रात सुट्टीवर आला तेव्हा किसनने बूट साताऱ्यात दुरुस्त करून घेतले होते. उजव्या बुटाचे तोंड दगडाला ठेचाळून उसवले होते. ज्याने शिवले तो माणूस डाव्या हाताने शिवत होता, असे त्याने घरी सांगितले होते.

मीच त्यांना नानांकडे नेले. कचेरीपासून दहा मिनिटांची वाट. तेवढी मी नेली नसती तर, असे पुढे पुष्कळदा मनात आले.

नानांना किसन आठवत होता. त्यांनी उजवा बूट घेतला, आत हात घातला, वास घेतला, पेर वाजवले. आतला शिक्का घामाने पुसून गेला होता. मग त्यांनी बूट उलटा केला. तळावर बाण होता, शेजारी ७१. किसनच्या बुटांवर नानांनी ६८ पाहिले होते. तळाचे टाके मशीनचे होते, नानांचे नव्हते. त्यांचा डावा हात आरीकडे गेला. त्यांनी ती उचललीही. तळ थोडा उसवला असता तर बुटाच्या तोंडाची आतली शिवण दिसली असती. हौसाबाई समोर उकिडव्या बसल्या होत्या. त्यांची नजर नानांच्या तोंडावरून हलत नव्हती.

नानांनी आरी खाली ठेवली. "आमच्या वडलांचा नेम हाय," ते म्हणाले. "मेल्या मानसाच्या वहाणंला आरी लावत न्हाई." मग म्हणाले, की तळाचे हे टाके माझे नाहीत, आणि हे साल किसनच्या बुटांचे नाही.

हौसाबाईंनी विचारले, "म्हंजी हे बूट त्याचं न्हाईत?"

नानांनी बूट गोणपाटावर ठेवला. मग म्हणाले, "न्हाईत."

"बूट दुसऱ्याचं," हौसाबाई म्हणाल्या, "तर मेला बी दुसराच." त्यांनी दोन्ही बूट पदरात घेतले आणि उठल्या. इंदू मागे उभी होती. तिला कुणी काही विचारले नाही.

त्यानंतर पाच वर्षे गेली. किसनच्या मृत्यूचे कागद पुरे व्हायला घरच्यांची मान्यता लागत होती, आईचा अंगठा आणि बायकोची सही. तो कागद मी भरून माझ्या खणात ठेवला होता. हौसाबाई आल्या की म्हणत, "जित्त्या पोराच्या मरणावर आंगठा दिऊ व्हय, बाई?" त्या रोज संध्याकाळी किसनचे ताट वाढत. इंदूच्या कपाळावर कुंकू आणि हातात हिरवा चुडा. वडील दोनदा तिला न्यायला आले. हौसाबाईंनी त्यांना दारातून परत पाठवले. नवरा लढाईवर असताना सून माहेरी गेली तर तो आल्यावर काय म्हणेल, असे त्यांचे म्हणणे. कुटुंबाचे निवृत्तिवेतन मिळत नव्हते, ते एक झाले. पण मुलगी सवाष्णही नव्हती आणि विधवाही नव्हती. हळदीकुंकवाला वाडीतल्या बायका तिला बोलवायच्या की नाही या पेचात पडत आणि शेवटी बोलवत नसत.

नानांमधला बदल मला उशिरा लक्षात आला. मी गेले की ते आधी विचारत, "मेढ्याकडनं काय खबर?" काही नाही म्हटले की मान खाली. कुणी जुना बूट दाखवायला आणला तर, डोळ्याला दिसत नाही, म्हणत. डोळे चांगले होते. बारीक टाके त्यांना दिसत होते.

सत्याहत्तरच्या वैशाखात एका सकाळी मी पर्सचा पट्टा शिवून घेत तिथे बसले होते. उतारावरून इंदू आली. एकटी. बाजाराला म्हणून निघाली होती. पिशवीतून तिने उजवा बूट काढून गोणपाटावर ठेवला.

"उसवून बगा," ती म्हणाली.

नानांनी मान हलवली. "पोरी, नेम हाय माझा."

"ठावं हाय. मेल्या मानसाच्या वहाणंला तुमी आरी लावत न्हाई." तिचा आवाज जराही चढला नाही. "मामा, तुमी तवा आरी लावली न्हाई. म्हंजी त्यो मेलाय, ह्ये तुमच्या मनानं तवाच धरलं हुतं. मग तोंडानं न्हाईत कसं म्हनला?"

नाना माझ्याकडे वळून बोलू लागले, इंदूकडे बघून त्यांना बोलवेना. इटलीत बर्फ पडल्यावर मेलेल्यांच्या पायातले बूट काढून आणत, आणि ते दुरुस्त करून जिवंतांना द्यायचे काम त्यांच्याकडे होते. कधी आत मोजे निघत, कधी मोज्यात आणखीही काही निघे. "तिकडं लय आऱ्या लावल्या, बाई. हुकूम हुता. घरला आलो तवा वडलांचं पाय धरलं आन म्हनलं, पुन्हा न्हाई." मग म्हणाले, "पन हिची सासू म्होरं बसली हुती, तवा आरी नेमापायी नव्हती ठेवली. आरी उचलली हुती मी. तिच्या तोंडाकडं बगितलं, आन नेम आठावला."

त्यांनी आरी घेतली. मशीनचे टाके एकेक करून तोडले. तळ तोंडाकडून सोललेल्या सालीसारखा मागे आला. आत जुने कातडे काळे पडले होते. बुटाच्या तोंडाशी वीतभर शिवण निराळ्या दोऱ्याची होती, आणि तिचे टाके उलट्या बाजूला कललेले होते.

नानांनी त्यावरून अंगठा फिरवला. पलटणीच्या कुणीतरी लढाईच्या आधी किसनच्या बुटांना नवे तळ लावले होते. सालाचे आकडे त्या तळाचे होते. बुटाचे नव्हते.

"मी तळावर गेलो," नाना म्हणाले.

इंदूने फक्त विचारले, "त्येंचाच हाय नव्हं?" नाना व्हय म्हणाले. ती बूट घेऊन उठली, तर नानांनी तो धरून ठेवला. सासूबाईंना तिने सांगायचे नाही, ते स्वतः येऊन सांगतील, असे ते म्हणाले. तिने एकटीने सांगितले असते तर हौसाबाईंनी सूनच कारस्थानी ठरवली असती, हे त्यांच्या ध्यानात आले होते. मी कचेरीत जाऊन खणातला कागद आणि शाईची डबी घेतली, आणि आम्ही तिघे एसटीने निघालो.

हौसाबाई ओट्यावर गहू पाखडत होत्या. मला त्यांनी घोंगडी टाकली. नाना खाली अंगणात बसले. त्यांनी बूट पुढे ठेवला आणि काही आडपडदा न ठेवता सांगितले, की बाई, हा टाका माझा आहे, बूट किसनचा आहे, मी चुकलो. आपण चुकलो हे शब्द त्यांच्या तोंडून मी त्या एकाच वेळी ऐकले.

हौसाबाई ओट्यावरून उतरल्या. बूट घेऊन त्यांनी ती शिवण बोटाने चाचपली, आंधळे माणूस चाचपते तसे. पुष्कळ वेळ.

"तवा का नाय उसवलं?"

"तुमच्या तोंडाकडं बगून धीर झाला न्हाई."

"मी काय मागितलं हुतं तुमच्याकडं?" त्या म्हणाल्या. "खरं मागितलं हुतं. माझी कीव कराया कुनी सांगितलं हुतं तुमाला?"

हौसाबाई बोलत राहिल्या, पण आता आमच्याशी नव्हे. पाच वर्षांत त्याचे दिवस घातले नाहीत, पिंड दिला नाही, पोर तसाच उपाशी फिरत राहिला असेल आणि मी इकडे ताट वाढत बसले, असे काहीतरी. रडल्या नाहीत. मग माझ्याकडे वळून त्यांनी हात पुढे केला. मी शाईची डबी उघडली. त्यांनी अंगठा इतका दाबला की शाई रेषांबाहेर पसरली. इंदूने सही केली. ती चौथी शिकलेली होती.

नाना उठले. बूट पुन्हा शिवून देतो, असे ते म्हणाले. हौसाबाईंनी बूट छातीशी धरला. "ऱ्हाऊ द्या उसवल्यालं," त्या म्हणाल्या. "आन ह्या दारात परत येऊ नगा."

आम्ही दोघे वाडीच्या फाट्यावर येऊन थांबलो. ऊन तापले होते. झाड नव्हते. गाडी आली तेव्हा नाना म्हणाले, की मी मेढ्यापर्यंत चालत येतो, तुम्ही जा. मी आग्रह केला नाही. पुढच्याच महिन्यात तुमच्या आजोबांची नागपूरला बदली झाली आणि नाना मला पुन्हा दिसले नाहीत, म्हणून त्या दिवशीचे एवढे मला नेमके आठवते.

कंडक्टर टपावर पोती चढवून घेत होता, गाडी उभी होती. खिडकीतून मला दिसले, की वाडीच्या उतारावरून इंदू येते आहे. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. कपाळ पुसलेले होते, कुंकवाच्या जागी कातडी उजळ दिसत होती. हातात चुडा नव्हता, मनगटावर एक ओरखडा होता. ती नानांसमोर उभी राहिली.

नानांनी रिवाजाप्रमाणे गुडघे वाकवले, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि ती तोंडाशी नेली. वरून धार येईल म्हणून वाट बघत राहिले. धार आली नाही.

"हातात घ्या, मामा," इंदू म्हणाली.

त्यांना समजले नाही. ओंजळ तशीच होती. तिने त्या ओंजळीतच तांब्या ठेवला. थोडे पाणी हिंदकळून सदऱ्यावर सांडले. मग त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळे पाणी एका दमात प्यायले. गाडी सुरू झाली. इंदूने रिकामा तांब्या घेतला, उपडा करून झटकला आणि चढ चढू लागली.

तो तांब्या त्या घराने परत आत घेतला की नाही, हे मला कळले नाही.

तुमची,
आजी